ऑनलाइन आरपीजीमध्ये मजा कशी टिकवायची आणि आपण पुढे चाललोय हे कसं ओळखायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी टाकली आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवीन लोकांचे आहेत, पुढचे जरा गुंतागुंतीचे. सगळं वाचायलाच पाहिजे असं नाही, आपला प्रश्न शोधा आणि जिथे नंबर दिलाय तिथे तोही बघा.

१. ऑनलाइन आरपीजी आणि साधी आरपीजी यात फरक काय, दोन्हीत लेव्हलच वाढवायची ना?

लेव्हल दोन्हीकडे असतात, पण साध्या आरपीजीत गोष्ट कधीतरी संपते, शेवटचा बॉस पडतो आणि तुम्ही मोकळे होता. ऑनलाइनमध्ये तुम्ही लॉगआउट केलं तरी जग चालूच राहतं, आजूबाजूला खरी माणसं असतात आणि "संपलं" असं कोणी सांगत नाही. हा प्रकार तसा जुना आहे, १९७८ साली इसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी मड नावाचा गेम केला, त्यात चित्र एकही नव्हतं, सगळं टाइप करून खेळायचं. मग १९९७ ला अल्टिमा ऑनलाइन, १९९९ ला एव्हरक्वेस्ट, २००१ ला रूनस्केप, २००४ ला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. शेवट नसणं हीच याची मोठी मजा आणि खालचे निम्मे प्रश्न पण त्यातूनच येतात.

२. मी एकदम नवीन आहे, कुठल्या गेमने सुरुवात करू?

आधी बघा की तुम्हाला एरवी कशात मजा येते. बार्टल यांनीच १९९६ मध्ये मड खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले होते: काहीतरी मिळवत राहणारे, फिरून शोधणारे, गप्पा आणि ओळखींसाठी येणारे, आणि दुसऱ्या खेळाडूंना हरवण्यात आनंद मानणारे. बहुतेक जण यातल्या दोन-तीन प्रकारांचं मिश्रण असतात, त्यामुळे स्वतःला एकाच खणात कोंबू नका, पण निवड करायला याचा उपयोग नक्की होतो. गोष्ट आवडत असेल तर फायनल फँटसी १४, फिरायला आवडत असेल आणि दर महिन्याचे पैसे नको असतील तर गिल्ड वॉर्स २, ग्रुपने डंजन (छोट्या ग्रुपची मोहीम) आणि रेड (मोठ्या ग्रुपची अवघड मोहीम) मारायचे असतील तर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, व्यापार आणि राजकारण हवं असेल तर ईव्ह ऑनलाइन, एकट्याने शांतपणे लांबचं लक्ष्य गाठायचं असेल तर ओल्ड स्कूल रूनस्केप. फ्री ट्रायल असेल तर ती आधी वापरा. फायनल फँटसी १४ ची ट्रायल तर लेव्हल ७० पर्यंत चालते आणि तिला दिवसांची मर्यादा नाही.

३. पहिल्या आठवड्यात धडाधड लेव्हल वाढल्या, आता एकीला कित्येक दिवस लागतात. माझं काही चुकतंय का?

काहीच चुकत नाहीये, गेम बनवलाच तसा आहे. सुरुवातीला बक्षिसं जवळजवळ ठेवतात म्हणजे तुम्ही रमता, मग अंतर वाढवत नेतात. रूनस्केपचं उदाहरण सगळ्यात भारी आहे: एखादं स्किल ९९ ला न्यायला १,३०,३४,४३१ एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) लागतो आणि त्याचा निम्मा रस्ता संपतो लेव्हल ९२ ला! म्हणजे ९२ लेव्हल चढून आलेल्या माणसाला वाटतं आता सातच राहिल्या आणि खरं तर तो मधोमध उभा असतो. हां, तोपर्यंत तासाला मिळणारा एक्सपीही बराच वाढलेला असतो त्यामुळे दुसरा अर्धा भाग पहिल्याइतका वेळखाऊ नसतो. सांगायचं हे की तो एक्सपीचा बार किती सरकला यावरून तुम्ही चांगलं खेळताय की वाईट हे कळत नाही.

४. मग प्रगती मोजायची तरी कशाने?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

गेममध्ये दोन गोष्टी एकाच वेळी वाढत असतात. एक तुमचं कॅरेक्टर, म्हणजे लेव्हल, गिअर (हत्यारं, चिलखत), गोल्ड. दुसरे तुम्ही स्वतः, म्हणजे तुमचा हात किती बसलाय, तुम्हाला काय काय माहीत आहे, कोण कोण तुम्हाला ओळखतं. पहिल्या गोष्टीचे आकडे कंपनीच्या हातात असतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००४ ला कॅप (सगळ्यात वरची लेव्हल) ६० होता, एक्स्पान्शन (गेमचे मोठे नवे भाग) येत गेले तसा वाढत वाढत २०१८ ला १२० झाला, आणि २०२० मध्ये कंपनीने सगळी लेव्हल दाबून १२० वाल्यांना ५० वर आणलं आणि नवा कॅप परत ६० केला. एका पॅचमध्ये (अपडेटमध्ये)! पण ज्याला टँक (शत्रूचा मार स्वतःवर घेणारा) म्हणून बॉस नीट धरता येत होता त्याला दुसऱ्या दिवशीही तो धरता येत होता, ते कोणी कमी करू शकलं नाही.

म्हणून मोजायचं असेल तर या दुसऱ्या बाजूचं मोजा. मागच्या महिन्यात ज्या हल्ल्यात दर वेळी मरायचात तो आता न बघता चुकवता येतोय का? बॉस आधी ७० टक्क्यांवर असतानाच पार्टी (तुमचा ग्रुप) मरून संपायची, आता ३० पर्यंत जाते का? (रेडमध्ये हाच सगळ्यात प्रामाणिक आकडा, बॉस पडला नाही तरी रात्र फुकट गेली नाही हे त्यातून दिसतं.) नकाशा न उघडता किती भाग फिरता येतो? नवीन खेळाडूला एखादा डंजन समजावून सांगता येतो का? एक वही किंवा फोनमधली नोट ठेवा आणि त्यात फक्त "पहिल्यांदा जमलं" अशा गोष्टी लिहा, पहिल्यांदा हील केलं (म्हणजे साथीदारांना बरं केलं), पहिल्यांदा पार्टी स्वतः जमवली, पहिल्यांदा लिलावात नफा झाला. जमलं तर त्याच बॉसचे दोन व्हिडिओ रेकॉर्ड करा, एक आजचा आणि एक महिन्याभराने. फरक डोळ्यांना दिसतो आणि मग बार हलला नाही याचं फारसं वाईट वाटत नाही.

५. ग्राइंड प्रचंड बोअर होतं पण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, काय करू?

ग्राइंड म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करत राहणं. आधी खरंच जाता येत नाही का ते तपासा. बऱ्याचदा आपण जे गोळा करत बसलेलो असतो ते फक्त सगळ्यात अवघड कंटेंटसाठी लागतं आणि तिथे आपल्याला जायचंच नसतं.

खरंच लागत असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा, यातून काही मिळणार नसतं तरी मी हे दहा मिनिटं केलं असतं का? उत्तर हो असेल तर तो ग्राइंड तुमच्यासाठी चांगला आहे, काही लोकांना मासेमारी किंवा खाणकाम खरोखर आवडतं आणि ते अगदी बरोबर आहे. उत्तर नाही असेल तर कंटाळा येणारच. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर एक प्रयोग केला होता, ज्यांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल ती मुलं नंतर बक्षीस नसताना कमी चित्रं काढायला लागली, आणि ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांची आवड होती तशीच राहिली. गेममध्येही मला हेच दिसतं, आवडीचं काम चेकलिस्टवर गेलं की त्यातला जीव जातो.

उपाय साधे आहेत. किती करायचं ते सुरू करायच्या आधी ठरवा आणि तिथे थांबा. सलग करू नका, मध्ये एखादा डंजन घाला. आणि शक्य असेल तर कोणाला तरी सोबत घ्या, तेच डुक्कर मारायचं काम दोघं मिळून गप्पा मारत केलं तर संध्याकाळ छान जाते.

६. रोजच्या डेली क्वेस्ट (गेमने दिलेली छोटी कामं) सुटल्या की मागे पडल्यासारखं होतं. एक दिवस पण चुकवायला भीती वाटते.

ही भीती जाणूनबुजून तयार केलेली असते, तिला फोमो (काहीतरी हुकेल ही भीती) म्हणतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जवळपास प्रत्येक मोठ्या गेममध्ये मागून येणाऱ्यांसाठी सोय असते, कारण नवीन खेळाडू आत आले नाहीत तर गेमच चालणार नाही, त्यामुळे आज महिना घालवून मिळणारं गिअर पुढच्या मोठ्या पॅचमध्ये बरंच स्वस्त होतं. दोन, काही मर्यादा तुमच्या बाजूच्या असतात. फायनल फँटसी १४ मध्ये वरच्या गिअरसाठी लागणारे टोमस्टोन आठवड्याला ४५० च मिळतात, दिवसभर खेळणाऱ्यालाही तेवढेच, म्हणजे एक-दोन संध्याकाळी खेळणारा त्या बाबतीत मागे पडत नाही.

एक आठवडा मुद्दाम डेली सोडून बघा. काय गमावलं ते आठवड्याने लिहून काढा, यादी बहुतेक वेळा फार छोटी निघते.

७. रेस्टेड एक्सपी म्हणजे काय? न खेळल्याचं बक्षीस कसं काय?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तुम्ही शहरात किंवा सरायमध्ये लॉगआउट केलं की विश्रांतीचा साठा जमतो आणि तो संपेपर्यंत शत्रू मारल्यावर दुप्पट एक्सपी मिळतो. यामागची गोष्ट मस्त आहे, गेम बीटामध्ये (बाजारात येण्याआधीच्या चाचणीत) असताना उलटं होतं, जास्त वेळ खेळलं की एक्सपी कमी व्हायचा आणि लोक भयंकर चिडले होते. मग डिझायनरनी हिशेब जवळपास तोच ठेवून नावं बदलली, आधीची "नेहमीची" कमाई झाली "बोनस" आणि "दंडाची" कमाई झाली "नेहमीची". तक्रारी थांबल्या. प्रगतीची भावना आकड्याच्या मांडणीवर किती अवलंबून असते हे यातून कळतं, म्हणून प्रश्न ४ मधली स्वतःची नोंद महत्त्वाची.

८. मला दिवसाला जेमतेम एक तास मिळतो, त्यात काय होणार?

बरंच होतं, फक्त तासाचं एकच काम ठरवून बसा. लॉगिन करून "आज काय करू" असं करत शहरात फिरत राहिलं की चाळीस मिनिटं अशीच जातात. उठताना पुढचं पाऊल नोटमध्ये लिहून ठेवा आणि कॅरेक्टर त्याच जागी उभं करून लॉगआउट करा, उद्याची सुरुवात झटक्यात होते. ठरलेल्या वेळी तीन-तीन तास चालणाऱ्या रेड ग्रुपमध्ये सध्या जाऊ नका, तुम्हालाही त्रास आणि त्यांनाही. ईव्हमध्ये तर स्किल ऑफलाइन असतानाही खऱ्या वेळेनुसार शिकली जातात, अशा गेममध्ये कमी वेळवाल्यांचं चांगलं जमतं.

९. मित्र खूप पुढे निघून गेले, आता त्यांच्यासोबत खेळताच येत नाही.

गेममध्ये लेव्हल सिंक (सगळ्यांची लेव्हल जुळवणारी सोय) आहे का ते बघा. गिल्ड वॉर्स २ मध्ये वरच्या लेव्हलचा खेळाडू खालच्या भागात आला की आपोआप त्या भागाच्या लेव्हलला येतो, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये २०१६ पासून जवळपास सगळं जग कुठल्याही लेव्हलला खेळता येतं, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०१९ पासून पार्टी सिंक आहे. सिंक नसेल तर सगळ्यांनी एक एक आल्ट (दुसरं कॅरेक्टर) बनवा, आणि नियम करा की ते कॅरेक्टर सगळे असतानाच उघडायचं. हा नियम मोडला की परत तेच होतं, त्यामुळे तो पाळाच.

१०. गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात) जायलाच पाहिजे का? मला अनोळखी लोकांशी बोलायला जमत नाही.

जायलाच पाहिजे असं नाही. एकट्याने खेळणं ही काही कमी प्रतीची मजा नाही, आजूबाजूला माणसं दिसत राहतात, बाजारात गर्दी असते, कोणीतरी जाता जाता हील करून जातं, अनेकांना तेवढीच सोबत पुरते. २००६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं होतं की लोक बऱ्याचदा एकमेकांसोबत खेळण्यापेक्षा एकमेकांच्या आसपास खेळत असतात.

तरी माझं मत विचाराल तर एकदा छोटी गिल्ड करून बघाच. त्याच वर्षी रायन, रिग्बी आणि शिबिल्स्की यांनी गेमच्या ओढीवर जो अभ्यास केला त्यात तीन गरजा पुढे आल्या, स्वतःच्या मर्जीने निवडता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि कोणाशी तरी नातं असणं. पहिल्या दोन एकट्याने भागतात, तिसरीला माणसं लागतात. बोलायची सक्ती नसलेली गिल्ड शोधा, आधी फक्त टाइप करा, कोणाला काही सामान बनवून हवं असेल तर द्या. महिन्याभरात दोन-तीन नावं ओळखीची होतात. जिथे नवीन माणसाने चूक केल्यावर चॅटमध्ये त्याची खिल्ली उडवतात तिथून लगेच निघा, थांबून बदल होत नाही.

११. टँक किंवा हीलर व्हायचंय पण भीती वाटते, चुकलं तर सगळे ओरडतील.

खालच्या लेव्हलच्या डंजनपासून सुरुवात करा आणि आत गेल्या गेल्या लिहा, "पहिल्यांदा करतोय, सांभाळून घ्या". एवढ्या एका ओळीने नव्वद टक्के तणाव जातो. फायनल फँटसी १४ मध्ये पार्टीत कोणी पहिल्यांदा आलेलं असेल तर सगळ्यांनाच जादा बक्षीस मिळतं, त्यामुळे लोक नवीन माणूस बघून खूश होतात, शिवाय तिथे अनेक डंजन कॉम्प्युटरच्या साथीदारांबरोबर करता येतात, सरावाला उत्तम.

टँकने तीन गोष्टी धराव्यात: बॉसचं तोंड पार्टीपासून फिरवून ठेवायचं, हीलरच्या 'माना'वर (जादूच्या शक्तीच्या साठ्यावर) नजर ठेवायची आणि तो मागे राहिला तर पुढे पळायचं नाही. हीलरने आधी टँक, मग स्वतः, मग बाकीचे. कोणी शिव्या दिल्याच तर ब्लॉक करा, त्याला पटवून द्यायला जाऊ नका.

१२. गाइड बघून खेळावं की स्वतः शोधावं?

एकट्याच्या क्वेस्ट, कोडी, नकाशे यात पहिल्यांदा गाइड नको, ती मजा एकदाच मिळते. अनोळखी लोकांसोबत अवघड डंजनला जाताना मात्र दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून जा, तिथे इतरांचाही वेळ असतो. मित्रांचा ग्रुप असेल आणि सगळे तयार असतील तर गाइड न बघता जाणं हा या गेममधला सर्वात सुंदर अनुभव आहे, असं मला मनापासून वाटतं.

१३. मला आवडतो तो क्लास मेटामध्ये नाही. बदलू का?

नका बदलू. क्लास म्हणजे कॅरेक्टरचा प्रकार, आणि मेटा म्हणजे सध्या सगळ्यात ताकदवान मानले जाणारे पर्याय. वरच्या एक-दोन टक्के कंटेंटमध्ये मेटाने फरक पडतो, बाकी सगळीकडे क्लास नीट येणं जास्त मोलाचं असतं. अपवाद एकच, तुमचा ग्रुप खरंच सर्वात अवघड रेड मारतोय आणि सगळ्यांनी मिळून तसं ठरवलंय, तर त्या रेडपुरता दुसरा क्लास शिका आणि आपला मेन (मुख्य कॅरेक्टर) तसाच ठेवा. पुढच्या पॅचला मेटा बदलणारच आहे.

१४. एक टक्का चान्सचं माउंट (स्वारीचा प्राणी) आहे, शंभर वेळा बॉस मारला तरी पडलं नाही. गेम बिघडलाय का?

नाही, गणित असंच आहे. एक टक्का चान्स आणि शंभर प्रयत्न म्हणजे मिळण्याची शक्यता साधारण ६३ टक्के, म्हणजे तुमच्यासारखे ३७ टक्के लोक रिकाम्या हाताने बसलेले असतात. तीनशे प्रयत्नांनंतरही शंभरातल्या पाच जणांना मिळालेलं नसतं. आणि आधीचे प्रयत्न "जमा" होत नाहीत, एकशे एकावा प्रयत्नही एक टक्क्याचाच. काही गेममध्ये मात्र खात्रीची मर्यादा असते, गेनशिन इम्पॅक्टच्या कॅरेक्टर बॅनरवर (कॅरेक्टरच्या सोडतीत) नव्वदाव्या विशपर्यंत (प्रयत्नापर्यंत) फाइव्ह स्टार, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ कॅरेक्टर मिळतोच, पण तो तुम्हाला हवा तोच असेल असं नाही.

कधी मिळेल याचा भरवसा नसलेलं बक्षीस माणसाला सगळ्यात जास्त चिकटवून ठेवतं, बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत हे फार पूर्वी दिसलंय. म्हणून अशा ड्रॉपला (नशिबाने पडणाऱ्या वस्तूला) मुख्य लक्ष्य करू नका. आठवड्यातून एकदा जाता जाता मारा, पडलं तर आनंद, नाही पडलं तर तुमचं खरं काम दुसरीकडे चालूच आहे.

१५. पैसे देऊन लेव्हल बूस्ट घेतला तर मजा जाते का?

पहिलंच कॅरेक्टर असेल तर जाते, कारण क्लास शिकायचा वेळच तुम्ही विकत टाळता आणि मग वरच्या डंजनमध्ये वीस बटणं समोर येतात, कुठलं कधी दाबायचं ते कळत नाही. तीच वाट आधी चालून झालेली असेल आणि आल्ट हवा असेल तर खुशाल घ्या. गेमबाहेरच्या विक्रेत्यांकडून गोल्ड मात्र घेऊ नका, अकाउंट बॅन होतं आणि बऱ्याचदा ते गोल्ड चोरलेल्या अकाउंटमधून आलेलं असतं.

१६. मॅक्स लेव्हल झाली, गिअरही झालं. आता काय?

हा टप्पा आला की लोक नवीन आकडा शोधतात, मी म्हणेन आडवं वाढा. गिल्ड वॉर्स २ चा कॅप २०१२ पासून ८० च आहे, तिथे पुढची वाढ म्हणजे माउंट, नवे नकाशे, मास्टरी (नव्या क्षमता), दिसायला देखणी लेजेंडरी (सगळ्यात वरच्या दर्जाची) हत्यारं वगैरे. इतर गेममध्येही जुन्या रेड एकट्याने मारणं, कपड्यांचे सेट जमवणं, घर सजवणं, क्राफ्टिंग, नवीन लोकांना शिकवणं हे सगळं असतं. स्वतःवर बंधन घालूनही मजा येते, ओल्ड स्कूल रूनस्केपमधला आयर्नमॅन मोड असाच आहे, व्यापार बंद, सगळं स्वतः मिळवायचं, आणि अचानक एका साध्या कढईलाही किंमत येते. आणि खरंच काही करावंसं वाटत नसेल तर गेम खेळून झालाय, तेही चालतं.

१७. मोठ्या ब्रेकनंतर परत आलो, बटणं आठवत नाहीत, बॅग भरलेली, क्वेस्ट अर्धवट. नवीन अकाउंट काढू?

काढू नका. क्वेस्ट लॉग रिकामा करा, बॅगेतलं सगळं बँकेत टाका, स्किल बारवरून सगळं काढून चार-पाच मुख्य स्किल ठेवा आणि डमीवर (सरावाच्या पुतळ्यावर) किंवा सोप्या भागात अर्धा तास मारत बसा, हात लवकर आठवतो. मग एकेक स्किल परत आणा. मेन फारच परका वाटत असेल तर त्याच अकाउंटवर छोटा आल्ट काढा. ब्रेक घेतल्याचं वाईट वाटून घेऊ नका, फायनल फँटसी १४ चे प्रोड्यूसर नाओकी योशिदा यांनी स्वतः सांगितलंय की कंटेंट संपला की दुसरे गेम खेळा आणि नवीन पॅचला परत या.

१८. मजा येत नाही पण सोडवतही नाही. हे व्यसन आहे का?

लगेच तो शब्द वापरू नका, बहुतेक वेळा हा बर्नआउट असतो आणि दोन-तीन आठवडे लांब राहिलं की कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, गेमिंग डिसऑर्डरची तीन लक्षणं आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेमला वरचं स्थान मिळणं, आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं. याने रोजचं आयुष्य ठळकपणे बिघडलेलं असावं लागतं आणि साधारण बारा महिने हे चाललेलं असावं लागतं. नुसते खूप तास खेळणं यात बसत नाही.

पण झोप, अभ्यास, काम किंवा घरातली माणसं यांची सतत किंमत मोजली जात असेल तर बारा महिने पूर्ण व्हायची वाट बघू नका, डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोला. गिल्ड सोडता येत नाही म्हणून अडकला असाल तर ऑफिसरला सरळ सांगा की मी थांबतोय, चांगली गिल्ड समजून घेते.

१९. उद्या सर्व्हरच बंद केला तर एवढ्या वर्षांचं काय?

असं झालंय. स्टार वॉर्स गॅलॅक्सीज डिसेंबर २०११ मध्ये बंद झाला, सिटी ऑफ हीरोज ३० नोव्हेंबर २०१२ ला. कॅरेक्टर जातं, त्यावर उपाय तुमच्या हातात नाही. हातात आहे ते आत्ताच करा: महत्त्वाच्या क्षणांचे स्क्रीनशॉट गेमच्या फोल्डरमधून काढून दुसरीकडे ठेवा, आणि ज्यांच्यासोबत रोज खेळता त्यांच्याशी गेमबाहेर कुठेतरी संपर्क ठेवा, कारण बंद झाल्यावर फ्रेंड लिस्टही उघडत नाही. सिटी ऑफ हीरोजचे चाहते अशा संपर्कातूनच टिकून राहिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या होमकमिंग या सर्व्हरला मूळ कंपनीने अधिकृत परवाना दिला. तिथे कॅरेक्टर सगळ्यांना पहिल्या लेव्हलपासून परत बनवावं लागतं, गेम मात्र फुकट खेळता येतो.